गुलाबी लॅपटॉप आणि एकशे सदतीस गावं

लॅपटॉप घ्यायचाय ही गोष्ट मी फक्त बायकोला सांगितली होती, तीही बाथरूमच्या दाराआडून, नळ चालू असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला खाली उतरलो, तर पहिल्या मजल्यावरचे हाज मुतवल्ली जिन्यातच आडवे आले.

"रिफअत मास्तर, ऐकतोय ते खरं का?"

"काय ऐकताय?"

"किती किलोचा घेताय?"

हाज मुतवल्ली टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी यंत्राची लायकी वजनावर ठरायची. जे उचलायला दोन माणसं लागत नाहीत ते यंत्र नव्हे, खेळणं. मी म्हणालो, "असेल किलोभर." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लॅपटॉप नव्हे, किलोभर भेंडी आणायला निघालोय.

"मास्तर, यंत्र असं हवं की हातातून पडलं तर फरशी फुटली पाहिजे," ते म्हणाले आणि माझ्या आधी पाव आणायला निघून गेले.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या आमच्या त्या इमारतीत आता लिफ्ट आली आहे. जिन्यात कुणी कुणाला अडवत नाही, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. तेव्हा मात्र माझ्या घरात चहात साखर किती पडते तेही चारही मजल्यांना ठाऊक असायचं. ते मला आवडायचं असं म्हणणार नाही. पण आज त्याची आठवण येते, एवढं कबूल करतो.

लॅपटॉपची गरज मला एकट्याला नव्हती. मी भूगोलाचा शाळा तपासनीस, आणि माझा मित्र नाशिद बिशाय गणिताचा. सकाळी सात दहाच्या गाडीनं तांताहून दमनहूरच्या बाजूला जायचं, मधल्या गावांतल्या शाळा तपासायच्या आणि संध्याकाळी परत यायचं, असं आम्ही दोघांनी बावीस वर्षं केलं. बावीस वर्षं शेजारी बसून दोन माणसं काय बोलणार? पहिल्या वर्षातच बायका, पगार आणि गुडघे संपले. मग नाशिदनं एके दिवशी शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, "काका, तुमच्या गावाला 'छत्री' का म्हणतात हो? तिथं तर पाऊसही पडत नाही." काकांनी जे सांगितलं ते ऐकून आमचं उतरायचं स्टेशन मागे पडलं. त्या दिवसापासून आम्हाला नाद लागला. जो भेटेल त्याला विचारायचं, गावाला हे नाव कसं पडलं? आणि सांगेल ते नाशिद तपासणीच्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूला उतरवून घ्यायचा. अशी एकशे सदतीस गावं जमली होती. हलव्याचे दोन पत्र्याचे डबे भरून कागद.

या कागदांत एकच खोट होती. नाशिदचं अक्षर नाशिदखेरीज कुणालाही वाचता येत नसे. गणिताची माणसं आकड्यांचा राग आकड्यांवर काढत नाहीत, अक्षरांवर काढतात. त्याच्या कागदांवरून वाळू सरकल्यासारखी दिसायची.

त्यात जानेवारीत त्याच्या मुलाचं पत्र आलं. मेलबर्नला बोलावलं होतं, आईवडिलांना, कायमचं. नाशिद फेब्रुवारीत निवृत्त होत होता. ईस्टर झाला, दुसऱ्या दिवशीच्या वसंताच्या सणाची, शम्म अल-नसीमची, सहल झाली की त्या आठवड्यातल्या शुक्रवारचं विमान. ही बातमी त्यानं मला गाडीतच सांगितली, खिडकीबाहेर बघत. पुढचा अर्धा तास आम्ही दोघंही खिडकीबाहेरच बघत होतो.

उतरताना तो म्हणाला, "मी गेल्यावर ते डबे तुला देईन. पण तुला वाचता येणार नाहीत."

"मग जायच्या आधी वाचून दाखव. मी टाइप करतो."

"कुठं? माझ्या घरी बायको पलंग विकायला काढतेय. तुझ्या घरी तुझा मुतवल्ली आहे. आणि खरं सांगू का रिफअत, खिडकीतून ते गाव दिसल्याशिवाय मलासुद्धा माझं अक्षर लागत नाही."

म्हणजे गाडीतच टाइप करायचं. म्हणजे मांडीवर मावेल, बॅटरीवर चालेल, पिशवीत बसेल आणि तपासनिसाच्या पगारात येईल असा छोटा लॅपटॉप हवा. इतकी साधी गरज होती. ती इतकी साधी आहे हे मी इमारतीला पटवू शकलो नाही, हा माझा दोष.

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर शौकत राहायचे. जनावरांचे डॉक्टर. पण आमच्याकडे लग्न, घरभाडं, दातदुखी, काहीही निघालं की त्यांचा सल्ला घेतला जाई. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "स्क्रीन किती?"

"दहा इंच."

"दहा?" त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. गाभण म्हशीची तब्येत बघून काढायचे तोच. "अपुऱ्या दिवसांचं आहे हे, मास्तर. असली पिलं जगत नाहीत."

इन्साफचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं निराळं होतं. "लहान आहे म्हणजे तुमच्या पिशवीत मावेल. म्हणजे चोराच्याही मावेल. त्यापेक्षा मोठा घ्या, चोर दमेल."

शेवटी मार्चमध्ये मी एकटाच दुकानात जायचं ठरवलं. हे 'एकटाच' मी पुन्हा फक्त इन्साफला सांगितलं होतं. खाली उतरलो तेव्हा मुतवल्ली इस्त्रीचा कोट घालून उभे होते आणि डॉक्टर शौकत टॅक्सीचं दार धरून.

बहर रस्त्यामागच्या गल्लीतलं ते दुकान. दुकानदार तिशीतला होता, पण गिऱ्हाइकं त्याला 'इंजिनिअरसाहेब' म्हणत आणि तो ते मान हलवून मान्य करी.

"कशासाठी हवाय, उस्ताद? गेम?"

"नाही."

"सिनेमे?"

"नाही. गाडीत बसून गावांची नावं लिहायची आहेत."

त्यानं दारातून बाहेर बोट दाखवलं. "वहीचं दुकान पलीकडे आहे," तो म्हणाला. अगदी आदरानं म्हणाला.

मग त्यानं तीन लॅपटॉप मांडले. पहिला चौदा इंची. मुतवल्लींनी तो दोन्ही हातांनी तोलला आणि त्यांचा चेहरा खुलला, पण त्याची बॅटरी सवा तास चालायची, आणि तो मांडीवर ठेवला तर माणसाला उठून तिकीट दाखवता आलं नसतं. दुसरा सात इंची, त्याची बटणं तांदळाच्या दाण्याएवढी. तिसरा दहा इंची. हलका. बॅटरी चार तास. अरबी अक्षरं स्पष्ट छापलेली. किंमत एकोणीसशे पाऊंड, म्हणजे मी मनात धरली होती तेवढीच. मी हात पुढे केला, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो गुलाबी आहे.

"काळा नाही का?"

"काळे संपले, उस्ताद. आणि हा गुलाबी नाही, कांद्याच्या पातळ सालीसारखा रंग आहे."

"कांद्याची साल मी बघितली आहे," मी म्हणालो.

डॉक्टर शौकतांनी तोवर लॅपटॉप उलटा करून पोट तपासलं, बिजागरी वाकवून पाहिली, बटणांवरून अंगठा फिरवला. दात बघतात तसा. मग म्हणाले, "सीडी कुठं घालायची?"

"यात ती सोय नसते, डॉक्टर."

"तोंडच नाही?" मुतवल्ली दुकानभर ऐकू जाईल असं ओरडले. "मास्तर, तोंड नसलेलं यंत्र! खाणार काय हे?"

दुकानातली चार गिऱ्हाइकं माझ्याकडे बघू लागली. एक चोपन्न वर्षांचा, टाय बांधलेला सरकारी तपासनीस, हातात तोंड नसलेला गुलाबी लॅपटॉप. मी पैसे देऊन टाकले. पुष्कळशा गोष्टी माणूस विचार करून घेत नाही, तिथून निघता यावं म्हणून घेतो.

घरी इन्साफनं रंग पाहिला. ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं जुन्या दुलईचा तुकडा कापून त्याला कापूस भरलेली खोळ शिवली, वर नाडी लावली. "आता कुणाला कळणार नाही," ती म्हणाली. खरंच कळत नव्हतं. खोळीतला लॅपटॉप हुबेहूब जेवणाच्या डब्यासारखा दिसत होता. पुढचं रामायण त्या खोळीमुळे घडलं, पण मी ते तिला आजवर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पकडण्याआधी मला कचेरीत सही करायची होती. कचेरीचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून हयात आहेत आणि माझं पेन्शनही चालू आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आत जाताना खोळीकडे बघून विचारलं, "काय आज, वाटाणा की भेंडी?" मी नुसता हसलो. आत गेलो, सही केली, बाहेर आलो. बाहेर येताना मात्र त्यानं खोळीला हात लावला, आणि आतून भेंडीऐवजी वायर निघाली.

"हे काय, बाशासाहेब?"

"माझा लॅपटॉप."

त्यानं तो बाहेर काढला, रंग पाहिला, मग मला पाहिलं. "तुमचा?"

"माझा."

"म्हणजे मुलीचा."

"मला मुलगी नाही."

याचा त्याच्यावर वाईटच परिणाम झाला. नियम असा होता की विजेवर चालणारी कुठलीही वस्तू कचेरीतून बाहेर न्यायची तर बाहेर नेण्याचा परवाना लागतो. नाहीतर लोक सरकारी पंखे नेतात, आणि नेत होते हे मला ठाऊक होतं. परवाना मादाम अफाफ देतात. मी मादाम अफाफांकडे गेलो. सात दहाची फलाटावरून सुटली त्याची शिट्टी मला तिथंच ऐकू आली. नाशिद गाडीत, दोन्ही डबे घेऊन.

मादाम अफाफ पन्नाशीच्या, गोल, शांत बाई. त्यांनी रजिस्टर उघडलं. "आत आणल्याच्या परवान्याचा नंबर?"

"तो नाही. मी असाच आणला."

"आत आणल्याची नोंद नसेल तर बाहेर नेल्याची कशी करणार? कागदाप्रमाणे ही वस्तू आत आलेलीच नाही."

"मग मी बाहेर नेतो. आलेलीच नाही ना."

"पण आहे की हो," त्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"बरं, आत आणल्याचा परवाना आता द्या."

"देते की. वस्तू घेऊन बाहेर फाटकावर जा, तिथून आत या, की लगेच देते."

"बाहेर कसा जाऊ?"

"त्याला परवाना लागतो," त्या हळहळून म्हणाल्या. त्यांची हळहळ खरी होती, म्हणून भांडताही येईना. हे प्रकरण समितीपुढे न्यावं लागणार होतं. समिती ईस्टरच्या सुट्ट्यांनंतर बसणार होती. नाशिदचं विमानही त्याच सुमारास.

त्यांनी अर्ज भरायला घेतला. "रंग?"

"लालसर."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "गुलाबी लिहिते," त्या म्हणाल्या. लॅपटॉप त्यांच्या कपाटात गेला, साखरेचा डबा आणि रबरी शिक्क्यांच्या मधे.

त्यानंतरचे चोवीस दिवस मी रोज माझ्या लॅपटॉपला भेटायला जात होतो. तुरुंगातल्या नातेवाइकाला भेटायला जावं तसा. दुकानदारानं सांगितलं होतं की बॅटरी रिकामी ठेवली तर बिघडते, म्हणून मी रोज दहा मिनिटं चार्जर लावायचो, खोळीवरची धूळ झटकायचो. कचेरीत ही गोष्ट पसरायला एक दिवस पुरला. कुणी विचारी, "तब्येत कशी आहे?" कुणी विचारी, "सुटकेची तारीख?" इमारतीत मुतवल्ली जिन्यावरूनच सांगत, "म्हणून म्हणत होतो, जड घ्या. जड यंत्र कपाटात गेलंच नसतं." यात तर्क होता, हे सगळ्यात वाईट.

आठव्या दिवशी नाशिदच कचेरीत आला, दोन्ही डबे काखोटीला मारून. "तो बाहेर येत नसेल तर आपण आत बसू," म्हणाला. मादाम अफाफांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला, चार्जरला जागा करून देण्यासाठी स्वतःचा टेबलपंखा बंद केला. मी लॅपटॉप उघडला. नाशिदनं पहिला कागद काढला, लांब धरला, जवळ धरला.

"हे... 'विहीर' आहे. किंवा 'गाढव'."

"नीट बघ."

"विहीर असेल तर गोष्ट मोठी आहे. गाढव असेल तर लहान." त्यानं खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर दोन हातांवर भिंत होती आणि भिंतीवर जुन्या निवडणुकीचं अर्धं पोस्टर. "रिफअत, मला काही दिसत नाही इथून."

एक तास बसलो. एक गाव झालं नाही. नाशिद कागद चाळत होता, नुसती नावं वाचत होता. अर्धवाडी. मीत शमसिया, म्हणजे आमची छत्री. शिडीची वाडी. मीत गुर्बाल, म्हणजे चाळणीचं गाव.

"चाळणीचं काय लिहिलंय?" मादाम अफाफांनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं.

हा कागद नाशिदला लागला. "तिथल्या जमिनीत पाणी टिकत नाही, चाळणीसारखं झिरपून जातं, म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"कांदे विकणाऱ्या एकानं."

मादाम अफाफांनी पेन खाली ठेवलं. "कांदेवाल्याला काय कळतंय! माझी आजी मीत गुर्बालची. तिच्या आजेसासूनं माहेरून फक्त एक चाळणी आणली होती, दुसरं काही नाही. सासरचे हसले. मग एका वर्षी टोळ आले, सगळ्यांच्या पिठात खडे, कोंडा, कीड. अख्ख्या गावात चाळणी तिची एकटीची. ती घरोघर फिरली. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, चाळणीवालीच्या गावाला जातो." त्यांचे गाल तापले होते. "पाणी झिरपतं म्हणे! आमच्या जमिनीत भात होतो!"

नाशिदनं गुपचूप कागद उलटा केला. मी एका बोटानं टाइप करू लागलो. मादाम अफाफ खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि माझ्या चुका दाखवू लागल्या. ते पहिलं गाव. चोवीस दिवसांत झालेलं तेवढं एकच.

समिती बसली ती शम्म अल-नसीमच्या दुसऱ्या दिवशी. तिनं निर्णय दिला की प्रकरण वरच्या कचेरीकडे पाठवावं. नाशिदला तीन दिवस उरले होते. मी मादाम अफाफांच्या खोलीत उभा होतो.

"उद्या गाडी पकडणार आहात दोघं?" त्यांनी विचारलं.

"तो पकडेल. मी काय करू जाऊन?"

त्यांनी रजिस्टर मिटलं, घड्याळ पाहिलं, कपाट उघडलं. खोळ काढून ठेवली आणि नुसता लॅपटॉप वायरसकट आपल्या पर्समध्ये सरकवला. वर रुमाल, रुमालावर फुटाण्यांची पुडी.

"मादाम, नियम..."

"बायकांच्या पर्समध्ये फाटकावर हात घालत नाहीत, हाही नियमच आहे, रिफअत मास्तर. आणि दिसलाच तर काय? रंग बघा त्याचा. तुम्ही काळा घेतला असतात तर मी काही करू शकले नसते."

फाटकाबाहेर, उसाच्या रसाच्या दुकानामागे, त्यांनी तो माझ्या हातात दिला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कचेरीतून टाचणीसुद्धा बाहेर नेली नसावी. "चाळणीचं तेवढं नीट छापा," म्हणाल्या आणि भराभर परत गेल्या. कागदोपत्री माझा लॅपटॉप आजही त्या कचेरीत आहे.

दुसऱ्या दिवशी सात दहाला आम्ही आमच्या जागेवर बसलो. लॅपटॉप मांडीवर, नाशिद खिडकीशी, डबे पायांत. गाडी सुटली आणि नाशिद बोलू लागला. त्याचं अक्षर त्याला लागत होतं! बाहेर ताडाची रांग आली की कागदावर गाव उमटत होतं. पण मी एका बोटानं टाइप करणारा माणूस. शिडीच्या वाडीची शिडी अजून भिंतीला लागायची होती आणि वाडी मागे गेलेली.

"अरे, गाडी पळतेय!"

"तू हळू सांग."

"मी हळू सांगेन, ड्रायव्हरला कोण सांगणार?"

तोवर आजूबाजूची माणसं गोळा झाली होती. एक म्हणाला, अर्धवाडीचं असं नाहीच. दुसरा म्हणाला, असंच आहे, पण भाऊ दोन नव्हते, तीन होते. "मग तिसऱ्याला काय मिळालं?" नाशिदनं विचारलं. "नाव," तो म्हणाला. मी घामाघूम होऊन टाइप करत होतो. सात गावं झाली, आठ झाली. समोर बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीला ते बघवेना.

"काका, याला कॅमेरा आहे की. वर बघा, हा ठिपका. यांना बोलू द्या, घरी गेल्यावर निवांत लिहा."

महिनाभर मी तो ठिपका धूळ समजून पुसत होतो.

तिनं काहीतरी दाबलं आणि स्क्रीनवर नाशिदचा चेहरा आला. त्याच्या मागे खिडकी, खिडकीत पळणारी शेतं. नाशिदनं स्वतःला पाहिलं, टाय सरळ केला आणि कागद खाली ठेवले. त्याला कागद लागलेच नाहीत. तो बोलत राहिला, एकेका गावाकडे बोट दाखवत. कोण कधी भेटलं, काय म्हणालं, त्या दिवशी जेवणाच्या डब्यात काय होतं, मी कुठं झोपलो होतो, सगळं. गाडीचा अख्खा डबा ऐकत होता. चहावालासुद्धा किटली धरून उभा होता. इताय अल-बारूद मागे पडलं, नाशिद म्हणाला, "आणि हे जे आता येतंय ना, इथं रिफअतनं..." आणि स्क्रीन काळा झाला. चार तासांची बॅटरी पन्नास मिनिटांत संपली होती.

त्या गावात मी काय केलं होतं ते त्यानं बाकीच्यांना सांगितलं आणि डबा हसून हसून लोळला. ते इथं लिहायची गरज नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. तांताला उतरताना त्यानं डबे माझ्यापुढे धरले. मी ते घेतले आणि घरी गेलो. टेबलावर एक कागद पसरून बसलो. वाळू सरकल्यासारखी अक्षरं. विहीर की गाढव, तेही कळेना. एकशे सदतीसपैकी नऊ गावं टाइप झाली होती, थोडी नाशिदच्या तोंडून कॅमेऱ्यात गेली होती, बाकी सगळी या वाळूत.

इन्साफ शेजारी येऊन बसली. "काय विचार करताय?"

"त्याच्या मुलाकडे कॉम्प्युटर असेल. पण त्यावर अरबी अक्षरं नसणार."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. उठून दुलईचा उरलेला तुकडा शोधला आणि नवी खोळ शिवायला बसली.

गुरुवारी नाशिदच्या घरी गेलो. खोलीत चार बॅगा आणि एक खुर्ची उरली होती. मी डबे आणि खोळ खुर्चीवर ठेवली.

"हे काय?"

"तुझं अक्षर तुझ्याबरोबर ने. टाइप करून पाठव."

"वेडा आहेस का? महिनाही नाही झाला घेऊन!"

"त्यातले चोवीस दिवस तो आत होता. नवाच आहे."

तो रागावला. खूप रागावला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं. शेवटी त्याच्या बायकोनं खोळ उचलली आणि हातातल्या पिशवीत ठेवली. "रंग माझ्या पिशवीला शोभतो," म्हणाली.

इमारतीत चौकशी झाली. मी सांगितलं, लॅपटॉप दौऱ्यावर गेलाय. डॉक्टर शौकत म्हणाले, "मी म्हटलंच होतं, जगणार नाही." मुतवल्ली दोन दिवसांनी जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले, एवढंच.

तीन आठवड्यांनी गल्लीतल्या इंटरनेट कॅफेत पहिली मेल आली. एक गाव, अगदी नीट टाइप केलेलं. खाली लिहिलं होतं, "इथं खिडकीतून काही दिसत नाही, म्हणून डोळे मिटून वाचतो. लागतंय." मग दर गुरुवारी एक गाव येऊ लागलं. मी वाचायला जायचो तर मागे मुतवल्ली, मग डॉक्टर, मग इन्साफ, आणि कचेरी सुटल्यावर मादाम अफाफ. कॅफेवाल्यानं आमच्यासाठी बाक टाकला. मी मोठ्यानं वाचायचो, ते दुरुस्त्या सांगायचे, मी एका बोटानं त्या कळवायचो. अडीच वर्षं हे चाललं. मधे देशात काय काय होऊन गेलं, एका गुरुवारी तर इंटरनेटच बंद होतं, पण नंतरच्या गुरुवारी दोन गावं एकदम आली.

एकशे सदतिसावं गाव आलं ते ऑक्टोबरात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मादाम अफाफांनी फुटाणे वाटले. मी परत कळवलं, "झालं नाशिद. संपलं." त्यावर उत्तर आलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी उगाचच कॅफेत गेलो. सवय. मेल आली होती. मी वाचू लागलो.

"रुमालवाडी. इताय अल-बारूदच्या पुढे, डाव्या हाताला. गाडी इथं थांबत नाही, थोडी हळू होते. फार पूर्वी एक शेतकरी बांधावर उभा राहून रुमालानं माशी हाकलत होता. ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच हात करतोय, त्यानं शिट्टी वाजवली. शेतकऱ्याला वाटलं, कुणीतरी ओळखीचं असणार, तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम आला. मग त्याची बायको आली, मुलं आली. आता सात दहाची गाडी आली की सगळी वाडी रुमाल घेऊन बाहेर येते. गाडीत कोण आहे ते त्यांना ठाऊक नसतं."

"अरे, माहितीये मला ही वाडी!" मुतवल्ली बाकावरून उठलेच. "तारा टाकायला गेलो होतो ना मी! काय ते लोक, काय पाहुणचार!"

"तिथली म्हैस मी तपासली आहे," डॉक्टर शौकत म्हणाले.

मी भूगोलाचा तपासनीस. बावीस वर्षं नाशिदबरोबर आणि त्यानंतर अडीच वर्षं एकटा त्या मार्गानं रोज गेलेला माणूस. इताय अल-बारूदच्या पुढे डाव्या हाताला कालवा आहे आणि कालव्यापलीकडे विटांची भट्टी. तिथं वाडी नाही, कधी नव्हती. आणि एकशे अडतिसावा कागद डब्यात नव्हता, ते कागद मी स्वतः मोजून दिले होते.

मादाम अफाफ माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी फुटाण्यांची पुडी माझ्याकडे सरकवली.

मी खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं उत्तर लिहिलं. त्याला बराच वेळ लागला.

"नाशिद, आज सकाळीच तिथून गेलो. सगळे बाहेर आले होते, मीही खिडकीतून रुमाल हलवला. एका म्हातारीनं तुझी चौकशी केली. पुढचं गाव कुठलं?"